आवडत्या शिक्षकांची दोन मिनिटं

परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव आयेल्ट्स. १९८९ पासून ती या नावानं घेतली जाते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग. पहिले तीन भाग उत्तरपत्रिकेशी किंवा संगणकाशी झुंजून पार पाडता येतात. चौथ्या भागात मात्र समोर माणूस असतो. कधी टेबलापलीकडे, कधी पडद्यावर. त्याच्याशी अकरा ते चौदा मिनिटं बोलायचं असतं आणि ते सगळं ध्वनिमुद्रित होतं. या बोलण्यात वरचेवर येणारा एक विषय म्हणजे तुमचे आवडते शिक्षक आणि तुमची शाळा.

यात अवघड ते काय, असं कुणीही म्हणेल. शाळा सगळ्यांनीच पाहिलेली असते. गुरुजी नाहीतर बाई सगळ्यांनाच लाभलेल्या असतात. पण आपल्याकडच्या मुलांची गंमत अशी की, त्यांची शाळा मराठीत झालेली असते आणि परीक्षा इंग्रजीत असते. आठवण एका भाषेत साठवलेली आणि मागणी दुसऱ्या भाषेतली. मग मुलांना वाटतं, आपली पत्र्याची शाळा, आपले धोतर-टोपीवाले गुरुजी इंग्रजीत शोभायचे नाहीत. ती स्वतःचे गुरुजी बाजूला ठेवतात आणि कुणीतरी लिहून दिलेले तयार शिक्षक पाठ करतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. सोलापूरच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाचा अर्ज असो, कुणाचं पत्र असो, माणसं माझ्याकडे येतात. मी साधा बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण मोहल्ल्याच्या लेखी ‘लिखनेवाले चाचा’. काही काळापूर्वी शेजारची एक मुलगी आली. नर्सिंग शिकलेली, रुग्णालयात रात्रपाळ्या करणारी. तिला इंग्लंडला जायचं होतं. तिथं नर्स म्हणून नोंदणी करायला या परीक्षेतून गेलं, तर बोलण्यात ७ बँड लागतो. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर, आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य. वडील रिक्षा चालवतात. एकदा साडेसहावर अडकली होती. दुसऱ्यांदा पैसे भरले होते ते आईच्या बांगड्या ठेवून.

तिनं मला एका क्लासची वही दाखवली. त्यात ‘माझ्या आवडत्या शिक्षिका’ हे उत्तर तयार होतं. त्या बाई ज्ञानाचा दीपस्तंभ होत्या, प्रेरणेचा झरा होत्या, आणि बरंच काही होत्या. तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, ‘‘या बाई आता कुठे असतात?’’ ती गप्प झाली. असणार कुठे? त्या बाई फक्त वहीत होत्या.

ही परीक्षा नेमकं काय तपासते ते इथं समजून घेतलं पाहिजे. बोलण्याचे तीन भाग असतात. पहिल्यात चार-पाच मिनिटं ओळखीचे साधे प्रश्न: घर कुठे, काम काय, शाळा आवडायची का. दुसऱ्या भागात एक चिठ्ठीवजा कार्ड हातात देतात. त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे असतात: ते शिक्षक कोण, काय शिकवायचे, त्यांच्यात वेगळं काय होतं, ते का लक्षात राहिले. विचार करायला एक मिनिट आणि टिपणासाठी कागद मिळतो. मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. त्याचे गुण कापत नाहीत. तिसऱ्या भागात पुन्हा चार-पाच मिनिटं चर्चा असते, पण आता व्यक्तीवरून विषयाकडे जायचं: चांगला शिक्षक कुणाला म्हणावं, शिस्त किती असावी, संगणक शिक्षकाची जागा घेईल का.

गुण चार गोष्टींना असतात आणि चारहींना सारखं वजन. बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. या यादीत ‘खरेपणा’ कुठेच नाही. तुमच्या गुरुजींची चौकशी करायला कुणी येणार नाही. मग खोटं सांगितलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते ओघात. आठवणीला आठवण चिकटलेली असते. खरे गुरुजी डोळ्यांपुढे आणले की त्यांची सायकल दिसते, सायकलमागून शाळेची घंटा ऐकू येते, घंटेमागून डबा आठवतो. पुढचं वाक्य शोधावं लागत नाही. वहीतल्या बाईंना सायकल नाही, डबा नाही. पाठ केलेलं संपलं की पुढे भिंत. शिवाय परीक्षकांना पाठांतर ओळखण्याची तालीम दिलेली असते. आकाशवाणीच्या माइकसमोर बसून मी एक शिकलो आहे. माणूस वाचतोय की बोलतोय, हे ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत कळतं. तसंच ते परीक्षकालाही कळतं. आणखी एक बारकावा आहे. काय सांगावं याचा विचार करताना थांबलात तर ते फारसं खुपत नाही. शब्द सापडेना म्हणून थांबलात तर ते खुपतं.

मी त्या मुलीला म्हटलं, ‘‘वही मिट. तुला खरोखर कोण आठवतं?’’ ती थोडा वेळ बसली आणि आमच्या दखनीत सुरू झाली. चौथीत असताना मैदानावर पडून तिचा गुडघा फुटला होता. बाईंनी तिला नळाखाली नेलं, जखम धुतली. ती डोळे गच्च मिटून रडत होती. बाई म्हणाल्या, ‘‘डोळे उघड. बघ, रक्त आपलं आपणच कसं थांबतं.’’ आणि रक्त कसं साकळतं, वर खपली कशी धरते, ते त्यांनी तिथंच, नळाजवळ उकिडवं बसून तिला समजावलं. ‘‘चाचा, तेव्हापासून मला रक्ताची भीती वाटली नाही,’’ ती म्हणाली. नर्स होण्याची तिची सगळी गोष्ट त्या नळापाशी होती, आणि वहीत तिचा एक शब्दही नव्हता.

या आठवणीचा एक व्यावहारिक फायदाही झाला. जखम धुणं, रक्त साकळणं, पट्टी बांधणं याचे इंग्रजी शब्द तिला रोजच्या कामातून तोंडपाठ होते. शिक्षक निवडताना हे पाहावं. ज्यांची गोष्ट तुमच्या ओळखीच्या शब्दांपर्यंत जाते, ते निवडावेत. मेकॅनिक होणाऱ्यानं आयटीआयचे सर सांगावेत, शेतकी शिकणाऱ्यानं शाळेची बाग फुलवणारे गुरुजी सांगावेत.

आता भाषेतल्या काही अडचणी पाहू. पहिली अडचण आदराची. मराठीत आपण ‘गुरुजी आले’, ‘बाई म्हणाल्या’ असं बोलतो. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. दखनीतही ‘उनो आये’च म्हणतात. त्यामुळे इंग्रजी बोलताना मुलं एका गुरुजींना नकळत ‘दे’ म्हणून जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, गुरुजी दोन-तीन होते की काय! इंग्रजीत गुरुजींना ‘ही’ आणि बाईंना ‘शी’ म्हणावंच लागतं. हे आपल्या जिभेला जड जातं. गुरुजींना ‘अरे-तुरे’ केल्यासारखं वाटतं. पण त्या भाषेच्या क्रियापदात आदर ठेवायला जागाच नाही. तिथं आदर दाखवायचा तर गुरुजींनी काय केलं ते सांगावं लागतं. बाई नळाजवळ उकिडव्या बसल्या, एवढं सांगितलं की आदर पोहोचतो. कवी म्हणून मला हा धडा फार मोलाचा वाटतो.

दुसरी अडचण काळाची. ‘बाई रोज पाढे विचारायच्या’ यातलं ‘विचारायच्या’ म्हणजे भूतकाळातली सवय. मुलं तिचं ‘शी वॉज डेली आस्किंग’ करतात. तिथं ‘यूज्ड टू आस्क’ किंवा ‘वुड आस्क’ हवं. पण ‘एके दिवशी मी पडले’ ही एकदाच घडलेली गोष्ट. तिला साधा भूतकाळ. आणि ‘अजूनही मला ते आठवतं’ हा वर्तमानकाळ. शाळेच्या आठवणीत हे तिन्ही काळ आपोआप येतात. सवय, प्रसंग आणि आजचा परिणाम, या क्रमानं बोललात तर व्याकरणाची विविधताही दिसते आणि बोलणं सुसंगतही राहतं.

तिसरी अडचण आपल्या खास शब्दांची. ‘माय सर’ आपल्याला कळतं. बाहेरच्या माणसाला ‘माय सायन्स टीचर’ म्हटलेलं बरं. ‘मी अमुक साली पास आउट झालो’ हे आपल्याकडे चालतं, पण इतरत्र त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. उलट ‘बाई’ हा शब्द तसाच ठेवायला हरकत नाही. एका वाक्यात सांगा की आम्ही शिक्षिकांना बाई म्हणतो, आणि पुढे खुशाल वापरा. असं समजावून सांगता येणं हीसुद्धा भाषेची जाणच आहे.

उच्चाराबद्दल उगाच भीती असते. इंग्रज माणसासारखं बोलायची गरज नाही. तुमचं बोलणं सहज कळलं पाहिजे. आपल्या छंदात आपण अक्षरं किंवा मात्रा मोजतो. इंग्रजी मात्र आघातावर चालते. ‘हिस्टरी’त आघात पहिल्या भागावर आणि ‘हिस्टॉरिकल’मध्ये दुसऱ्यावर. सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हटली की ऐकणारा गोंधळतो. रोज एखादी इंग्रजी बातमी ऐकून, तिच्यातला आघात टाळी वाजवून धरला तरी कानाला वळण लागतं.

तिसऱ्या भागासाठी आठवणीवरून विचाराकडे जायची सवय हवी. ‘माझ्या बाई घाबरलेल्या मुलीला समजावून सांगायच्या’ यावरून ‘चांगला शिक्षक भीतीचं कुतूहल करतो’ इथवर यायचं आणि मग संगणकाला हे जमेल का, यावर आपलं मत द्यायचं. मत कोणतंही चालेल. त्याला कारण आणि उदाहरण हवं.

तयारी कशी करावी? आठवण आधी आपल्या भाषेत कुणाला तरी सांगा. आईला सांगा, ती मध्येच प्रश्न विचारेल. मग तीच इंग्रजीत, घड्याळ लावून. एका मिनिटाच्या टिपणात वाक्यं लिहू नका. चार-पाच शब्द पुरेत. त्या मुलीच्या कागदावर होतं: नळ, गुडघा, डोळे, खपली, वॉर्ड. रोज वेगळ्या शब्दांत सांगा, म्हणजे त्याचंही पाठांतर होणार नाही. ती दीड महिना रोज अर्धा तास हे करत होती, रात्रपाळीहून आल्यावर. तिला बोलण्यात ७ बँड मिळाला. एका गोष्टीनं मिळाला असं मी म्हणणार नाही. दीड महिन्याच्या मेहनतीनं मिळाला. पण मेहनत कशावर घ्यायची, हे त्या नळानं ठरवलं.

पालकांनाही एक सांगणं आहे. आपली पत्र्याची शाळा, पाटी, सारवलेली जमीन, मुंगळ्यांच्या रांगेत मांडलेला डबा, हे इंग्रजीत सांगायला कमीपणाचं आहे असं मुलांना वाटू देऊ नका. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या आमच्या पिढीला ते पाचवीत भेटलं. तरी आमच्याकडे सांगण्यासारखं कमी होतं असं नाही. भाषा मागून येते; सांगण्यासारखं आधी असावं लागतं.

आणि परीक्षा झाल्यावर एक काम जरूर करावं. आपल्या बाई किती चांगल्या होत्या, हे आपण एका परक्या माणसाला परक्या भाषेत सांगून आलेलो असतो. ज्यांच्याबद्दल सांगितलं त्या बाई कदाचित दोन गल्ल्या सोडून राहत असतील, गुडघे धरून बसल्या असतील. त्यांना हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. तीच दोन मिनिटं घेऊन त्यांच्या दारात जा, आणि त्यांना मराठीत सांगा. तिथं बँड कुणी देत नाही. चहा मात्र मिळतो.