काडतुसाची रिकामी पुंगळी

बंदूक उडाली म्हणजे सर्वांचें लक्ष जातें तें गोळीकडे. मागें गवतांत पडलेल्या पितळी पुंगळीकडे फारसें कोणी पाहत नाहीं. परंतु अमेरिकेंत व युरोपांतील कांहीं देशांत रायफलीच्या नेमबाजीचा नाद असलेले पुष्कळ लोक नेमकी तीच पुंगळी वेंचून घरीं नेतात. काडतुसाच्या चार घटकांपैकीं गोळी, दारू आणि टोपी हे तीन एकदांच उपयोगी पडतात. पुंगळी मात्र पुनःपुन्हा भरतां येते. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें बनवितां येत नाहींत. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें कोणीं घरीं करून पाहावें म्हणून नव्हे. पितळ या आपल्या रोजच्या परिचयाच्या धातूचे गुणदोष या बोटभर नळकांड्यांत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसतील, म्हणून हा विषय.

पुंगळीचें काम प्रथम समजून घेऊं. टोपीवर आघात होऊन दारू पेटते, आणि क्षणार्धाच्याहि आंत वायूचा दाब दर चौरस इंचास ५०,००० पौंडांच्या आसपास, कित्येक काडतुसांत त्याहूनहि वर जातो. त्या दाबानें पुंगळी फुगून भोंवतालच्या पोलादास घट्ट चिकटते व वायूस मागें येण्याची वाट बंद करते. गोळी निघून गेली, दाब उतरला, कीं तीच पुंगळी किंचित् आवरते आणि सहज बाहेर ओढतां येते. फुगणें आणि आवरणें हीं दोन्ही कामें एकाच धातूनें करावयाचीं. त्यासाठीं ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असें पितळ घेतात. पुंगळी फाटली तर तो वायू मागें येतो, आणि मागें नेमबाजाचा डोळा असतो. पारख एवढ्यासाठीं.

चांगली पुंगळी सर्वत्र सारखी कठीण नसते. पुण्याच्या तांबट आळींत ज्यांनीं भांडें घडतांना पाहिलें असेल त्यांस हें चटकन् कळेल. ठोके घालतां घालतां पत्रा कडक होतो, तसाच पुढें ठोकला तर चिरतो. म्हणून कारागीर तो मधून मधून तापवून नरम करून घेतो. पुंगळीहि अशीच होते. पितळेची चकती प्रथम वाटीसारखी दाबतात, मग ती ओढीत ओढीत लांब करतात, आणि ओढींच्या मध्यें तापवितात. अखेरीस बूड कडक ठेवतात, कारण टोपी त्यांत घट्ट बसली पाहिजे. मान मात्र आंचेवर धरून मऊ करतात. नव्या पुंगळीच्या मानेवर जी निळसर-तपकिरी झांक दिसते ती या तापविण्याची खूण. अजाण गिऱ्हाइकास ती डाग वाटते. लष्करी कारखाने ती बहुधा तशीच राहूं देतात. बाजारी मालाचे कारखानदार घासून काढतात, कारण दुकानांत चकाकी खपते.

वापरलेल्या पुंगळीची तपासणी तोंडाकडून सुरू करावी. मान दर वेळीं फुगते, आणि पुढची गोळी धरण्यासाठीं सांच्यांत घालून पुन्हा आवळावी लागते. हे तांबटाचे ठोकेच झाले. कांहीं फेऱ्यांनंतर तिला केसाएवढी उभी चीर जाते. ही चीर बहुधा जिवावर बेतत नाहीं. दिसली कीं पुंगळी टाकावी. वेळींच मान पुन्हा तापविली तर आयुष्य वाढतें, पण त्या वेळीं बुडास आंच लागतां कामा नये. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कडक होतें. पितळ होत नाहीं. नरम पडलेलें बूड गेलेंच.

खरा धोका बुडाच्या जरा वर असतो. तेथें जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते. रायफलींतील काडतुसाची जागा ऐसपैस असली तर पुंगळी दर बारास तेथें ताणली जाते आणि भिंत आंतून पातळ होत जाते. बाहेरून एक चकचकीत वलय दिसूं लागतें. पण वलय दिसेपर्यंत थांबणें हें उशिराचें शहाणपण. जाणते लोक बारीक तारेचें टोंक वांकवून आंत घालतात व भिंतीवरून वर ओढतात. टोंक अडखळलें कीं आंत खांच पडली असें समजावें. ब्रिटिश फौजेच्या ·३०३ ली-एन्फील्ड रायफलींत ही जागा सैल असे. त्यामुळें तिच्या पुंगळ्या या दोषानें लवकर निकामी होतात.

मग बूड पाहावें. टोपी सहजासहजीं आंत जात असेल तर तिचें घर सैल झालें. बहुधा दाब प्रमाणाबाहेर गेल्याची ती साक्ष. घराच्या तळाशीं मध्यावर एकच छिद्र असेल तर ती बॉक्सर पद्धत. दोन बारीक छिद्रें व मध्यें उंचवटा असेल तर बर्डन पद्धत. पहिलींतील जुनी टोपी आंतून सुईनें ढकलून काढतां येते, दुसरींतील काढणें जिकिरीचें. गंमत अशी कीं बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि बर्डन अमेरिकन. पण अमेरिकेंत रुजली बॉक्सरची पद्धत आणि युरोपांत बर्डनची.

आतां असा एक दोष, जो न उडविलेल्या काडतुसासहि जडतो, आणि ज्याचा इतिहास आपल्याच देशांतला आहे. ब्रिटिश अमदानींत फौजेच्या असें लक्षांत आलें कीं पावसाळ्यांत साठविलेलीं काडतुसें आपोआप तडकतात. कोणी ठोकलें नव्हतें, कोणी उडविलें नव्हतें. पावसाळ्यांत मोहिमा थंडावत आणि काडतुसें तबेल्यांत पडून राहत. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याचें नांवहि ऋतूवरूनच पडलें. उलगडा केला तो १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं. घोड्यांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढकामांत पितळेच्या अंगीं राहून गेलेला ताण, हीं एकत्र आलीं कीं धातूच्या कणाकणांमधले सांधे उकलूं लागतात. हवा बदलणें कोणाच्या हातीं नव्हतें. ताण काढणें होतें. कडकपणा न जाईल इतक्याच मंद आंचेवर पुंगळी तापविली कीं तो निघतो.

या कारणास्तव अमोनिया असलेल्या द्रवानें पुंगळ्या उजळूं नयेत, आणि पितळ उजळण्याच्या बाजारी द्रवांत तो पुष्कळदां असतो. त्यापेक्षां आपल्या घरची चिंच बरी. मात्र आम्लांत पितळ फार वेळ राहिलें तर वरचें जस्त निघून जाऊन तांबूस झांक येते; भगिनींनीं ती समईवर पाहिली असेलच.

स्पर्धेत उतरणारा नेमबाज याशिवाय एकाच कारखान्याच्या पुंगळ्या घेऊन तराजूवर निवडतो. बाहेरचा आकार सारखा असून वजन अधिक, म्हणजे भिंत जाड, आंत जागा कमी, आणि तितक्याच दारूचा दाब अधिक. लष्करी ७·६२ ची पुंगळी आणि बाजारी ·३०८ ची पुंगळी दिसण्यांत जुळ्या बहिणी. पण लष्करी बहुधा जड असते, आणि बाजारीसाठीं ठरविलेली पुरी दारू तिच्यांत घालणें धोक्याचें.

टाकाऊ ठरलेली पुंगळी तशीच डब्यांत ठेवीत नाहींत. ती नकळत चांगल्यांत मिसळते. चिमट्यानें तिचें तोंड चेपून टाकतात, म्हणजे सांच्यांत ती जातच नाहीं, आणि मग मोडीच्या भावानें विकतात.