सातशे जणांचं यान

सकाळी ६
दिवाळी अंकाची मुदत जवळ आलीय आणि कथा अडलीय. दूरच्या ग्रहावरच्या खाणीत भाडोत्री सैनिकांची तुकडी उतरते, पहारेकरी पडतात, परग्रही गुलाम मोकळे होतात. चकमकीची पानं भराभर लिहून झाली. पुढे हात थांबला. हे सातशे जीव आता बसणार कशात, श्वास घेणार कसला?

७.३०
हिशेब मांडते. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. माझे परग्रहीही तेवढाच घेतात असं धरलं, तर सातशेंना रोज जवळपास ५९० किलो. पण ऑक्सिजन संपायच्या आधी घात करतो तो श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड. १९७० साली अपोलो १३चे तिघं अंतराळवीर दोघांसाठी बांधलेल्या चांद्रयानात आसऱ्याला गेले, तेव्हा त्यांच्यावर हेच संकट आलं. मुख्य यानातले हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे चांद्रयानाच्या गोल जागेत बसेनात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी वापरून त्यांनी जोड तयार केला, म्हणून वाचले.

९ ते ११
स्वयंपाक, दळण, बँकेत एक खेप.

११
सातशे हा आकडा इतिहासातला आहे. २ जून १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध, दक्षिण कॅरोलिनातली कंबाही नदी. स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमन कर्नल माँटगोमेरींच्या कृष्णवर्णीय पलटणीबरोबर नदीतून वर गेल्या. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत ही खबर त्यांच्या हेरांनी मळ्यांवरच्या गुलामांकडूनच आणली होती. बोटीची शिट्टी झाली तशी भातखाचरांतून माणसं धावत सुटली. कडेवर पोरं, पाठीला डुकराची पिल्लं, एकीच्या डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं वाफाळत्या भाताचं भांडं. आपण मागे राहू या भीतीनं लोक होड्यांना धरून बसले, सोडेनात. टबमन गाऊ लागल्या, तेव्हा कुठे होड्या हलल्या. सातशेंहून अधिक जण सुटले आणि त्यांतले कितीतरी पुरुष लगेच पलटणीत भरती झाले.

माझ्या कथेत मात्र नुसती हात जोडून उभी राहिलेली गर्दी होती. ते पान फाडलं. बोगद्यांतले सापळे कुठे आहेत हे गुलामांनी सांगितल्याशिवाय आता तुकडी उतरूच शकत नाही.

दुपारी २
शेजारचे निवृत्त सुभेदारकाका हस्तलिखित घेऊन आले.

“चकमक जमलीय का, काका?”

“चकमकीचं सोड गं. एवढ्या लोकांना पाणी कोण देणार? पोरं कोण मोजणार? आणि तुझ्या या भाडोत्र्यांचा पगार कोण देतंय?”

३.३०
पगाराचा प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या दख्खननं भाडोत्री शिपाई जवळून पाहिलेत. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरला आला तो निजामशाहीचा पेशवा चंगेजखानाचा गुलाम म्हणून. हा धनीही एके काळी गुलामच होता. धनी गेल्यावर अंबर मोकळा झाला आणि पोटासाठी भाडोत्री शिपाई बनला. स्वतःचं पथक उभारलं, निजामशाही सावरली, खडकी शहर वसवलं. सुटलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी भाकरी लागते आणि हातात काही बळ लागतं. ब्रिटननं १८३३च्या कायद्यानं गुलामी संपवताना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना त्यातली दमडीही मिळाली नाही.

म्हणून करारच बदलला. तुकडीला कामावर ठेवलंय ते गुलामांनी, चोरून साठवलेल्या खनिजाच्या मोलावर. सेनापतीला हुकूम देणार त्यांची पंचायत.

६ ते ९
सलग लिहिलं. यानात हवा जड होते, सैनिकांचे तंत्रज्ञ हात टेकतात. तेव्हा खाणीतले वायुवीजनाचे पंखे जन्मभर सांभाळलेली एक म्हातारी पुढे होते आणि फुटक्या नळ्यांतून शुद्धीकरण सुरू करते. दिवसभरात एवढं एक पान मनासारखं उतरलं.

रात्री १०
शेवटी माझी सेनानायिका ठरलेला मोबदला पूर्ण मोजून घेते. संपादकांना ते खटकेल कदाचित, पण मी बदलणार नाही. टबमनना युद्धातल्या कामाचं मोल मागता मागता तीस वर्षांवर काळ गेला. १८९९ साली त्यांचं निवृत्तिवेतन महिना २० डॉलर झालं, तेही सैनिकाची विधवा आणि परिचारिका म्हणून. कंबाहीच्या मोहिमेसाठी वेगळं काहीच मिळालं नाही.