हातभर थराचा जिल्हा

मध्य जर्मनीत, हार्त्झ डोंगराच्या पूर्व पायथ्याशी मान्सफेल्ड-झ्युडहार्त्झ हा शेतीचा जिल्हा आहे. सपाट शेतांमधून मध्येच करड्या रंगाचे टोकदार डोंगर उभे राहिलेले दिसतात. झांगरहाउझनजवळचा ‘होहे लिंडे’ तर जवळपास दीडशे मीटर उंच आहे. हे सगळे माणसाने रचलेले. खाणीतून उपसलेल्या निरुपयोगी दगडाचे ढीग.

आठशे वर्षांत इथून सुमारे २६ लाख टन तांबे आणि १४ हजार टन चांदी निघाली. ज्या काळ्या पाटीच्या दगडातून ती निघाली, त्याचा थर मात्र जेमतेम हातभर जाडीचा.

या जिल्ह्याची सगळी कहाणी त्या जाडीत आहे. थर पातळ, म्हणून भोवतीचा फुकाचा खडक जितका कमी फोडावा लागेल तितके बरे. या हिशेबाची किंमत माणसाच्या अंगाने मोजली. कामगार खांद्याला आणि मांडीला फळ्या बांधून कुशीवर आडवा होई आणि मान वाकडी करून पाळीभर दगड फोडी. फोडलेला माल ओढायला पोरे असत. बुटक्या गाड्याचा पट्टा पायात अडकवून ती त्या फटीतून सरपटत जात. इथल्या वैभवाबद्दल बोलताना ही पोरे आधी आठवायला हवीत.

वैभव होतेच. मार्टिन लूथर १४८३ साली इथल्या आइसलेबेनमध्ये जन्मला. त्याचे वडील मान्सफेल्डला तांब्याच्या भट्ट्या चालवत आणि त्या कमाईवर मुलगा शिकला. खाणीतले पाणी उपसण्यासाठी १७८५ मध्ये हेटश्टेटजवळ वॉटच्या पद्धतीचे, जर्मनीतच बनवलेले पहिले वाफेचे इंजिन सुरू झाले. भट्टीतली मळीदेखील वाया गेली नाही. ती साच्यात ओतून फरसबंदीचे ठोकळे केले जात.

झांगरहाउझनकडची शेवटची खाण १९९० मध्ये बंद पडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगार गेला. आज वेटेलरोड गावी पाळण्यातून २८३ मीटर खाली उतरून जुनी खाण पाहता येते.

पाण्याशी असलेले भांडण मात्र मिटलेले नाही. आइसलेबेनजवळच्या मोठ्या खाऱ्या सरोवराचे पाणी १८९२ मध्ये खाणींत घुसू लागले. खाणी वाचवण्यासाठी कंपनीने उरलेले सरोवरही उपसून टाकले. त्या तळावर पुन्हा पाणी साचू नये म्हणून तिथे आजही पंप चालवावे लागतात.