तार उडते, पण कशात?

घरातला फ्यूज उडला की आपण वैतागतो. पल्स्ड पॉवरच्या, म्हणजे साठवलेली ऊर्जा क्षणार्धात सोडण्याच्या तंत्राच्या, प्रयोगशाळेत तो मुद्दाम उडवतात. वेटोळ्यात साठवलेली ऊर्जा झटक्यात दुसरीकडे वळवायची, तर प्रचंड प्रवाह काही मायक्रोसेकंदांत तोडावा लागतो. तारेची किंवा पत्र्याची वाफ झाली की तिचा रोध एकदम वाढतो आणि प्रवाहाला वाट बदलावी लागते. ही वाफ कशात कोंडली आहे, यावर पुढचे सारे ठरते. ते कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

लंडनच्या एडवर्ड नेअर्नने लायडन पात्रांत (वीज साठवण्याच्या बरण्यांत) साठवलेल्या विजेने तारा उडवल्याचे १७७४ साली नोंदवले. तेव्हा सगळे लक्ष तारेवरच होते. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने सोन्याची तार हवेत उडवली, तशी हायड्रोजनमध्येही. काचेवर बसलेला रंगीत थर ऑक्साइडचा नसून सोन्याचाच आहे, याची त्याला खात्री करायची होती. १८९० मध्ये विद्युत अभियंते मॉर्डे यांनी चूर्णाने भरलेल्या नळीतल्या फ्यूजचे पेटंट घेतले. १९२० मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत जॉन अँडरसन यांनी तारेच्या स्फोटात सुमारे २०,००० अंश तापमान गाठले. उघड्या आणि कोंडलेल्या तारेचे वर्णपट वेगळे दिसतात, हेही त्यांनी दाखवले.

१९६६ मध्ये मेझोनिए आणि सहकाऱ्यांनी स्फोटणाऱ्या पत्र्याने चुंबकीय ऊर्जा वेगाने वळवण्याचे तंत्र मांडले. आता माध्यमाची निवड हा आराखड्याचाच भाग झाला. निर्वातात तारेच्या पृष्ठभागावरून सुटलेल्या वायूतून आणि वाफेतून लवकर ठिणगी धावते. प्रवाह बाहेरून पळ काढतो आणि गाभा धड तापतही नाही. पाणी जड असल्याने वाफेला पसरू देत नाही, त्यामुळे दाब टिकतो आणि फ्यूज जास्त व्होल्टेज पेलतो. पण धक्कालाटेने भांडेच फुटण्याची भीती असते. क्वार्ट्झच्या वाळूत वाफ कणांच्या फटींत शिरते आणि थंड होते. काम झाल्यावर वाळू उकरली, तर तारेच्या जागी वितळलेल्या कणांची खडबडीत, काचेसारखी नळी हाती येते.

तेव्हा फ्यूजचा आराखडा करताना तारेची जाडी आणि लांबी यांच्याइतकाच विचार तिच्या भोवतालचाही व्हायला हवा. सर्व कामांना चालेल असे एकच माध्यम नाही.