नदीतळाचे गाळरोधन

नदीतळावरील वाळू व गोटे यांमधील पोकळ्या सूक्ष्म गाळाने बुजून तळाची पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) घटण्याची क्रिया. पार्य तळातून नदीचे पाणी भूमिजलात झिरपते. उन्हाळ्यात उलट भूमिजल पाझरून नदी वाहती ठेवते. गाळरोधनाने ही देवघेव मंदावते. वेगवान पुराने तळ खरवडला गेल्यास पोकळ्या पुन्हा मोकळ्या होतात. बंधाऱ्यामागे मात्र वेग मंदावून गाळ साचत राहतो. नासिक जिल्ह्यात गोदावरी–कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामागे असाच गाळ साचून उथळ पाणथळ क्षेत्र बनले. नासिक शहरातील रामकुंड परिसरात तळाला घातलेल्या काँक्रीटनेही पाझर अडला. गाळाप्रमाणे ते पुराने धुऊन निघत नाही.