पर्याय नसलेली परीक्षा

नीटमध्ये उत्तम गुण मिळवून मेडिकलला गेलेला मुलगा पहिल्याच अंतर्गत परीक्षेत ॲनाटॉमीत नापास होतो. घरच्यांना वाटते, हॉस्टेलवर राहून तो बिघडला. त्याला स्वतःला वाटते, आपण चुकीच्या जागी आलो. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. मुलगा तितकाच हुशार असतो आणि तितकाच अभ्यासही करत असतो. बदललेली असते ती परीक्षेची जात.

नीटमध्ये १८० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात. उत्तर समोरच असते, ते ओळखायचे असते. दोन वर्षे क्लासमध्ये हजारो प्रश्न सोडवून ही ओळखण्याची सवय पक्की झालेली असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मात्र बहुतांश गुण मोकळ्या कागदावर मिळवायचे असतात. ॲनाटॉमी म्हणजे शरीररचना आणि फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रिया. या दोन्ही विषयांना प्रत्येकी १०० गुणांचे दोन लेखी पेपर असतात. शिवाय १०० गुणांची प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा असते. ‘आकृतीसह वर्णन करा’ एवढाच प्रश्न येतो आणि पुढे कोरे पान असते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हातात एक हाड देतात आणि विचारतात, हे डाव्या बाजूचे की उजव्या?

ओळखणे आणि आठवणे या मेंदूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात एखादा चेहरा चटकन ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. पहिल्या वर्षी नापास होणाऱ्या अनेकांचे नेमके हेच झालेले असते. पुस्तक उघडले की पान ओळखीचे वाटते. पुस्तक मिटल्यावर त्या पानावरचे किती सांगता येईल, हे परीक्षेच्या खोलीत जाईपर्यंत तपासलेलेच नसते.

चुकीची किंमत मोठी

या परीक्षेचे नियम कडक आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार परीक्षेला बसण्यासाठी लेखी तासिकांना किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के हजेरी लागते. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तिन्ही विषय सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही. पहिले वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी चारच प्रयत्न मिळतात आणि ते प्रवेशापासून चार वर्षांच्या आत करावे लागतात. इतक्या कष्टाने मिळालेली जागा चार प्रयत्नांवर टांगलेली असते. बीएएमएसला रचना शारीर आणि क्रिया शारीर शिकणारे, तसेच नर्सिंग व फिजिओथेरपीचे विद्यार्थी यांचे अभ्यासक्रम वेगळे असले तरी अडचण हीच असते.

अभ्यासाचा आवाकाही छोटा नाही. शरीरात २०६ हाडे, सहाशेहून अधिक स्नायू, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या असतात. प्रत्येकाचा मार्ग, शेजार, रक्तपुरवठा आणि काम माहीत असावे लागते. हे सगळे साधारण वर्षभरात करायचे असते. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. तोच धडा तीनदा, चारदा वाचतात आणि पिवळ्या, गुलाबी पेनांनी पाने रंगवतात. नेमक्या याच पद्धतीबद्दल संशोधनाचे मत प्रतिकूल आहे.

मिटलेल्या पुस्तकाचा अभ्यास

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के भाग आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत चित्र उलटे झाले. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात, पुन:पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाटत होती.

परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेले सकाळी थोडेफार टिकते. पण वर्षभराचा अभ्यास एका रात्रीत मावत नाही. म्हणून वाचून झाल्यावर पुस्तक मिटणे आणि आठवण्याचा प्रयत्न करणे हाच खरा अभ्यास ठरतो. त्या वेळी डोक्याला ताण येतो, अडखळायला होते, आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. पण आठवण पक्की होते ती या अडखळण्यातूनच. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात खुणा करणे व पुन्हा वाचणे या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या.

विभागणीचे कारण जुनेच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. नवीन पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून सोमवारी झालेला विषय त्याच रात्री एकदा, बुधवारी एकदा, रविवारी एकदा आणि महिनाअखेरीस एकदा कोऱ्या कागदावर काढावा. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. काढून झाल्यावर पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने भरावे. पुढच्या वेळी त्या लाल अक्षरांपासूनच सुरुवात करावी.

ॲनाटॉमी : हाताने शिकण्याचा विषय

ब्रॅकिअल प्लेक्सस हे हाताला जाणाऱ्या चेतांचे जाळे आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात आधी घाबरवतो तो हाच विषय. पण त्याची मांडणी पाहिली तर तो आकड्यांवर उभा आहे. पाच मुळे, त्यांचे तीन खोड, खोडांचे सहा फाटे, त्यांच्या तीन दोऱ्या आणि शेवटी हाताच्या पाच मुख्य चेता. वर्णन वाचून हे डोक्यात बसत नाही. रिकाम्या पानावर दहा वेळा काढले की बसते. सुरुवातीला पंधरा मिनिटे लागतात. दोन मिनिटांत जमू लागले की परीक्षेतही जमते.

दुसरे साधन स्वतःचे शरीर. कोपर टेबलावर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, कारण अल्नर चेता कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून, अगदी त्वचेजवळून जाते. एकदा बोटांनी चाचपून पाहिले की हा मार्ग विसरत नाही. सार्टोरिअस या मांडीच्या लांब स्नायूचे नाव लॅटिनमधल्या शिंप्यावरून आले आहे. पूर्वीचे शिंपी मांडी घालून शिवत. मांडी घालताना खुबा वाकतो, पाय बाहेर जातो, मांडी बाहेरच्या बाजूला वळते आणि गुडघा वाकतो. सार्टोरिअसची चारही कामे त्यात आली. क्लॅव्हिकल म्हणजे लॅटिनमध्ये छोटी किल्ली. आपण ज्याला माकडहाड म्हणतो त्या कॉक्सिक्सचे नाव ग्रीक भाषेतल्या कोकिळेवरून आले, कारण त्याचा आकार चोचीसारखा आहे. असे अर्थ कळले की परके शब्द ओळखीचे होतात.

तिसरे साधन म्हणजे डिसेक्शन हॉल. मृतदेह पाण्यात ठेवून, थर हळूहळू उलगडून शरीर डोळ्यांनी पाहावे, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही सांगितले आहे. आज टेबलावरचा देह अनेकदा कुणीतरी जिवंतपणी स्वेच्छेने दान केलेला असतो. त्याच्याभोवती मागच्या रांगेत उभे राहून वर्ष काढणाऱ्याला स्पॉटर्सच्या परीक्षेत अडचण येते. तिथे टेबलाटेबलावर पिन टोचलेले अवयव ठेवलेले असतात आणि घंटा वाजली की पुढे सरकावे लागते. पुस्तकातली रोहिणी लाल आणि नीला निळी असते. देहात सगळे जवळजवळ एकाच रंगाचे असते. ते ओळखण्याची सवय डिसेक्शन हॉलमध्येच लागते.

फिजिऑलॉजी : ‘म्हणून’ हा शब्द

शरीरक्रियाशास्त्रात पाठांतराने थोडेच साधते. तिथे एका गोष्टीतून दुसरी निघते. झेंडावंदनाला बराच वेळ ताठ उभा राहिलेला मुलगा चक्कर येऊन पडतो, हे उदाहरण घ्या. उभे राहिल्यावर रक्त पायांकडे साचते. म्हणून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर जाणारे रक्तही कमी होते आणि रक्तदाब उतरू लागतो. मानेतल्या आणि महारोहिणीतल्या दाब ओळखणाऱ्या जागा मेंदूला खबर देतात. म्हणून ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. पोटऱ्यांचे स्नायू हलत राहिले तर ते रक्त वर ढकलतात. मुलगा हलायचाच थांबला आणि ही सावरण्याची यंत्रणा कमी पडली, तर मेंदूला रक्त कमी पडते आणि तो कोसळतो.

ही साखळी कागदावर बाणांनी काढता आली आणि प्रत्येक बाणावर कारण सांगता आले, तर विषय समजला. आकडेही असेच जोडून घ्यावेत. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते साधारण दीड लिटर. मग बाकीचे पाणी कुठे परत जाते आणि कसे? या एका प्रश्नाच्या उत्तरात मूत्रपिंडाच्या धड्याचा मोठा भाग येऊन जातो.

तोंडी परीक्षेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इथे दुहेरी कसरत होते. उत्तर येत असते, पण इंग्रजीत सुचत नाही. यावर उपाय म्हणजे आधी विषय मराठीत मित्राला समजावून सांगणे. समजावताना जिथे अडले तिथे समज कच्ची आहे, भाषा नव्हे. मग तेच उत्तर इंग्रजीत, लहान वाक्यांत, मोठ्याने म्हणावे. मनातल्या मनात म्हटलेले उत्तर आणि तोंडाने दिलेले उत्तर यांत मोठा फरक असतो. रोज रात्री जेवणानंतर दोघांनी एकमेकांना पाच-पाच प्रश्न विचारले, तरी वर्षभरात शेकडो वेळा व्हायव्हा होते. मोठ्या व्याख्येने सुरुवात करून मग तपशिलात जाणे ही सवय परीक्षकांपुढे उपयोगी पडते.

झोप कापून केलेला अभ्यास तोट्याचा असतो. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे झोप आणि स्मरणावरच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. रात्रभर जागून स्पॉटर्सला गेलेला विद्यार्थी घंटेच्या आवाजानेच गोंधळतो.

आणि तरीही नापास झाले तर? तर आधी उत्तरपत्रिका आणि गुण समोर घ्यावेत. लेखीत गेले, तोंडीत गेले की आकृत्या नसल्यामुळे गेले, हे पाहावे. ‘आणखी अभ्यास करीन’ हा निश्चय पुरेसा नाही, पद्धत बदलावी लागते. घरच्यांनीही या काळात टोमणे टाळावेत. मुलगा किंवा मुलगी जेवण सोडत असेल, खोलीबाहेर पडत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते आळसाचे लक्षण समजू नये. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक अशा वेळी कोणत्याही तासाला उपलब्ध असतो.

हा खटाटोप केवळ गुणपत्रिकेसाठी नसतो. दुचाकीवरून पडलेला माणूस अपघात विभागात येतो, त्याच्या दंडाचे हाड मधोमध मोडलेले असते. रेडिअल चेता त्या हाडाच्या मागून, हाडाला लगटून, तिरकी खाली जाते. हे ज्याला आठवते तो डॉक्टर प्लास्टर घालण्याआधी रुग्णाला मनगट वर उचलायला सांगतो. मनगट लोंबत राहिले तर चेतेला इजा झाली आहे, हे वेळीच कळते आणि लिहिले जाते. आठवले नाही तर ती तपासणी राहून जाते. रुग्णाच्या खाटेशी चार पर्याय कुणी लिहून ठेवत नाही. तिथे जे उपयोगी पडणार आहे, त्याचा सराव पहिल्या वर्षी, पुस्तक मिटून कोऱ्या पानावर सुरू होतो.