सुरतेची संक्रांत आणि कापलेले पंख

सुरतेत मुक्या जिवांची शुश्रूषा ही काही काल-परवाची गोष्ट नव्हे. १६८९ मध्ये इथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने शहरातल्या जनावरांच्या इस्पितळाची नोंद आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली. पुढे जेम्स फोर्ब्सने १७७२ सालच्या वाण्यांच्या इस्पितळाबद्दल लिहिलं. उंच भिंतींचं आवार, आत वेगवेगळे चौक, घोडे, बैल, शेळ्या, माकडं, कबुतरं, इतर पाखरं आणि पंचाहत्तर वर्षं तिथेच मुक्कामाला असलेलं एक म्हातारं कासव. पाश्चात्त्य प्रवाशांना या प्रकाराचं नवल वाटलं. सुरतेच्या जैन-वैष्णव महाजनांना त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

पांजरापोळ म्हणतात अशा त्या इस्पितळाचा भर आसऱ्यावर होता. थकलेल्या, लुळ्या-पांगळ्या जिवाला शेवटपर्यंत दाणापाणी मिळावं, एवढी त्यामागची भावना. गेल्या दोन दशकांत सुरतेतल्या तरुण स्वयंसेवकांनी त्यात मोलाची भर घातली. जखमी पक्षी बरा करायचा आणि पुन्हा आकाशात सोडायचा, हे त्यांनी ध्येय मानलं. प्रयास, नेचर क्लब सुरत यांसारख्या संस्था, खासगी पशुवैद्यक, कॉलेजची मुलं, नोकरीतून रजा टाकून आलेले संसारी लोक अशी ही फौज. वर्षभर साप, माकडं, कबुतरं यांचे फोन चालूच असतात. पण खरी परीक्षा १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला.

हा सण ज्यांनी पाहिला नसेल त्यांना त्याचा आवाका कळणार नाही. दोन दिवस सारं शहर गच्चीवर पतंग उडवत असतं. उंधियू, चिक्की, लाऊडस्पीकर आणि पेच जिंकल्यावरची ती आरोळी. लिंबायत, उधना, दिंडोली या खानदेशी वस्त्यांतून आपली मराठी मंडळीही त्यात मागे नसतात. येवल्याला संक्रांतीचे तीन दिवस मांजाची आसारी हातातून सुटत नाही, तशीच ही हौस.

मात्र पाखरांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पहाटे रातथाऱ्यावरून निघायचं, दिवस मावळता परतायचं. तापीच्या काठचे बगळे, गवियर तलावाकडे जाणारे शराटी, उसाच्या मळ्यांतून परतणारे थवे यांची वाट आणि पतंगांची उंची एकच. संध्याकाळी पाच ते सात या वेळात उपचार-शिबिरांत जखमी पक्ष्यांच्या खोक्यांची रांग लागते, ती यामुळेच.

अशाच एका शिबिरात टेबलावर एक काळा शराटी आणलेला आठवतो. एकाने चोच आणि पाय हलक्या हाताने धरलेले, दुसऱ्याने डोळ्यांवर रुमाल टाकलेला. अंधार झाला की पक्षी शांत होतो. डॉक्टरांनी पंख उघडला. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा असतो, तो मांजाने कापून काढला होता. उडताना पंख ताणून धरतो तो हाच पडदा. त्यातला स्नायूबंध तुटला तर हाड शाबूत असूनही पक्षी जमिनीवरच राहतो. दोरा पिसांत गुंडाळत हाडापर्यंत गेलेला. तो ओढायचा नाही, दोन्हीकडून कापून तुकड्या-तुकड्याने काढायचा. मांजाचा गुलाबी रंग बोटांना लागत होता. जखमेभोवती रक्त कुठलं आणि रंग कुठला, हे कापसाने पुसून पाहावं लागलं. मग धुणं, टाके, पंख अंगालगत बांधणं, सलाईन.

त्या गुलाबी रंगापाशी मला थांबायचं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळा दोष ‘चायनीज’ मांजावर टाकायची सवय आपल्याला लागली. नायलॉनचा तो दोरा घातक आहेच. तुटत नाही, कुजत नाही, झाडावर महिनोन्‌महिने फासासारखा लटकत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, ती योग्यच होती. पण गुलाबी मांजा सुती असतो. भाताची खळ, काचेची पूड आणि रंग यांचा लेप देऊन तो इथेच रस्त्याच्या कडेला घासला जातो. ‘सुरती मांजा’ म्हणून त्याची ख्याती आहे, डबगरवाडात तो घ्यायला लांबून गिऱ्हाइकं येतात. काचेच्या लेपाचा प्रश्न पुढे गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. माझं मत विचाराल, तर धार काढलेला कोणताही दोरा आकाशात नको, मग तो सुती असो की नायलॉनचा. पेच ढील देऊन, हाताच्या कसबावरही लढवता येतो.

२०१७ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं. त्या वर्षी गुजरात सरकारने ‘करुणा अभियान’ सुरू केलं. संक्रांतीच्या आगेमागे, साधारण १० ते २० जानेवारी, वनखातं, पशुसंवर्धन खातं आणि संस्था एकत्र काम करू लागल्या. १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशु-रुग्णवाहिका येते. पूर्वी औषधांपासून खोक्यांपर्यंत सगळी जमवाजमव कार्यकर्ते पदरमोड करून करत. महाराष्ट्रातही नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यजीवांसाठी वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर उभं राहिलं. तिथेही संक्रांत हा कसोटीचाच काळ.

खरं काम मात्र सण संपल्यावर असतं, आणि तेव्हा कॅमेरे नसतात. घारीला रोज पट्टी, शराटीला खाणं, पंख आखडू नये म्हणून हलका व्यायाम, मग जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात उडून पाहणं. कापलेली पिसं पुढच्या पीसगळतीनंतर नवी येतात, फाटलेल्या पडद्याची हमी देता येत नाही. नेदरलँड्समध्ये पीटरब्युरेनला १९७१ पासून २०२५ पर्यंत किनाऱ्यावर वाहून आलेली सीलची पिल्लं सांभाळली गेली. तिथला आणि सुरतेतला नियम एकच: जीव लावायचा, पण माणसाळू द्यायचं नाही. ज्यांना पुन्हा उडता येत नाही, त्यांची जन्मभराची जबाबदारी येते, आणि तिथे ती जुनी पांजरापोळीची परंपराच उपयोगी पडते.

मांजाने माणसंही मरतात. म्हणून संक्रांतीला सुरतेचे उड्डाणपूल दुचाकींना बंद असतात, हँडलवर तारेची कमान लावलेल्या गाड्या जागोजाग दिसतात. माणसाने स्वतःसाठी कमान शोधली. पाखराला ती सोय नाही.

तेव्हा एवढं करा. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका. जखमी पक्षी दिसला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, दोरा ओढू नका, गुजरातेत असाल तर १९६२ ला फोन करा. आणि वासी उत्तरायण सरलं की आपल्या गच्चीवरचा, दारच्या झाडावरचा मांजा उतरवून टाका. फेब्रुवारीतही त्यात पक्षी अडकतात.